बेचाळीस काचा

चांदा
११ फेब्रुवारी १९५७

ती. भाऊजी यांस वच्छलाचा नमस्कार.

तुमची जानेवारीची पेटी परवा पोचली. चाळीस काचा, एकही फुटलेली नाही. प्रत्येकीवर रक्ताचा जाड ठिपका आणि शेजारी पातळ थर, दोन्ही जागच्या जागी. नाव, वय, गाव पेन्सिलीने स्वच्छ लिहिलेले. जिल्हाभरातून येणाऱ्या काचांत तुमच्या सर्वांत नीट असतात. मलेरियाचा जंतू एकाही काचेत नाही, तसे वर कळवले आहे.

नागपूरला दोन वर्षे शिकून आलेली साळी दिवसभर दुर्बिणीत डोळा घालून करते तरी काय, असे तुम्ही विचारले आहे. मी आमच्या खात्याचे आतले सांगितले तर तुम्ही तुमच्याकडचे सांगाल, अशी अटही घातली आहे. मला मान्य आहे.

नियम असा की एका काचेवर शंभर ठिकाणी पाहायचे. नीट पाहिले तर सात-आठ मिनिटे लागतात. म्हणजे एका माणसाच्या दिवसाला साठ काचा. येतात दीडशे. आमचे जुने तंत्रज्ञ गुणवंतराव यांनी यावर उपाय काढला आहे. ते काच पाहत नाहीत, काचेवरचे गाव पाहतात. जंगलातले गाव आणि पावसाळा असेल तर शंभरात तीन पॉझिटिव्ह. उन्हाळ्यात शून्य. "पण दरवेळी शून्य लिहू नको वच्छला, साहेबाले शंका येते," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले. तिसऱ्या दिवशी काचा धुऊन पुन्हा तुमच्यासारख्यांकडे पाठवतात, त्यामुळे पडताळा घ्यायला काही उरत नाही.

मी पाहते. म्हणून ढीग माझ्या टेबलावर असतो, त्यांच्या नाही, आणि साहेबांना ढीग तेवढा दिसतो.

बाई कशी आहे? धाकट्या बहिणीला विसरली नसेल तर तिच्या हातच्या दोन ओळी पाठवा.

वच्छला


अहेरी
२८ फेब्रुवारी १९५७

चि. वच्छला हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी गोकुळाले वाचून दाखवलं. लय हासली. म्हणते, वच्छीचा तो गुणवंतराव आमच्या इथच्या जोशाहून बरा, पत्रिका बी मागत नाई.

आता आमचं ऐक. फवारणीवाले घराच्या दारावर गेरूनं तारीख मारते. तारीख मारली का घर फवारलं. आतमंधी जाऊन कोण पाह्यते? बाया म्हणते, भाऊ, परवाच भिंत सारवली, तुह्या पावडरीनं पांढरी नको करू. मंग हे म्हणते, बरं बाई, तारीख तं मारू दे. साहेब जीपमधून तारखा मोजते आणि जाते. एका गावात मी कोंबड्याच्या खुराड्यावर बी तारीख पाह्यली.

दवाखान्यातला कंपाउंडर मुखरू. त्याचं तापाचं औषध लाल, खोकल्याचं हिरवं, आणि दोन्ही एकाच मोठ्या बाटलीतून निघते. मी इचारलं, तं म्हणते, मनसारामभाऊ, गुण रंगात राह्यते. आणि आमचा पोस्टमास्तर पाकिटं केटलीच्या वाफेवर धरते. साऱ्या गावच्या सोयरिकी त्याले आधी माहीत. तुह्यासाठी एखादं स्थळ पाहाचं असन तं त्यालेच इचारतो. म्हणून लिहिताना जरा जपून लिहीत जा.

माह्या कामात मात्र आतलं काई नाई. सुई टोचाची, दोन थेंब घ्याचे, काचेवर लावाचे. ह्यात माणूस खोटं करन तरी काय?

गोकुळा बरी आहे. एक नवीन सोंग काढलं आहे. चुलीची माती खरडून खाते, म्हणते वास चांगला येते. मी म्हटलं, असंच चाललं तं एक दिवस घर खाऊन टाकशीन.

मनसाराम


चांदा
१९ एप्रिल १९५७

ती. भाऊजी यांस नमस्कार.

पाकिटाला लाख लावली आहे. ती फुटलेली दिसली तर मला लगेच कळवा.

तुमची मार्चची पेटी आली. येरमगुडा आणि त्यापुढची दोन गावे, मिळून बेचाळीस काचा. मलेरिया एकीतही नाही. गेल्या सोमवारी मी त्या धुवायला न देता पुन्हा काढल्या, कारण तिसऱ्या काचेत जे दिसले ते नवव्या काचेत दिसले आणि मग सतराव्या काचेतही. मी सगळ्या काचा पहिल्यापासून पाहिल्या. मला चार दिवस लागले.

बेचाळीस काचांवर एकाच माणसाचे रक्त आहे.

कसे ओळखले ते सांगते, म्हणजे मी अंदाजाने बोलते असे वाटणार नाही. तांबड्या पेशी फिकट आहेत. मध्ये रिकाम्या, कडेला नुसती रेघ, बांगडीसारख्या. मोठ्या माणसाच्या वाहत्या रक्तात कधी दिसू नयेत अशा कच्च्या पेशीही आहेत. पांढऱ्या पेशींत पाचातली एक अशा जातीची, जी पोटात जंत असले की वाढते. मी हे सगळे मोजले. प्रत्येक काचेत आकडा तोच येतो. दोन सख्ख्या भावांचे रक्त इतके सारखे नसते.

आणखी एक गोष्ट. नागपूरला असताना मी एका विलायती मासिकात वाचले होते की बायकांच्या काही पांढऱ्या पेशींना ढोलाच्या टिपरीसारखा लहानसा गोंडा असतो. पुरुषांच्या पेशींना नसतो. या काचांत तो आहे. वरची नावे लालसू, वय तीस. झिंगू, वय साठ. जंगू, वय बारा. रक्त बाईचे आहे.

मी काचा साहेबांकडे नेल्या. माणसाचे नाव घेतले नाही, एवढेच विचारले की बऱ्याच काचा एकाच माणसाच्या निघाल्या तर काय करावे. ते म्हणाले, "निगेटिव्ह आहेत ना? मग एकाचं असो की चाळिसांचं. मलेरिया नाही तो नाही." आणि फाइलवर सही केली.

हे काम तुमच्या हाताखालच्या इस्तारीचे असणार. तुम्ही पुढच्या गावाला जाता आणि मागचे त्याच्यावर सोपवता, तेव्हा तो घरी बसून काचा भरत असेल. त्याच्या नोकरीशी मला घेणे नाही. त्याला एवढेच विचारा की बाई कोण आहे. ती फार आजारी आहे, भाऊजी. तिच्या अंगात तिच्या वाट्याचे अर्धेही रक्त नाही. कदाचित ती हिंडतफिरत असेल, पाणीही भरत असेल, कारण असे रक्त हळूहळू कमी होते आणि माणसाला सवय होते. पण एखादी लहान जखम झाली किंवा बाळंतपण आले तर ती वाचणार नाही.

त्या चार दिवसांत मी तिचे रक्त इतक्या वेळा पाहिले की आता रस्त्याने जाताना मी बायकांच्या ओठांचा रंग पाहते. मला झोप लागत नाही. उलट टपाली उत्तर पाठवा.

वच्छला


अहेरी
४ मे १९५७

चि. वच्छला हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लाख जशीच्या तशी होती.

इस्तारीले मी लय झापलं. त्यानं चूक कबूल केली. बाई कोण ते काई सांगत नाई. बाजारात आलेल्या कोण्या बाईचं घेतलं म्हणते. बाजाराला पन्नास गावचे लोक येते, आता तिले कुठी पाहाचं? पुढची पेटी बरोबर येईन, त्याची काळजी नको.

तू शिकलेली आहेस, पण एक सांगतो, राग नको मानू. काचेत पाहून कोण मरते आणि कोण जगते हे सांगाले तू का डॉक्टर आहेस? आमच्याकडच्या बाया अशाच फिकट राह्यते आणि सत्तर वर्सं जगते. आणि साहेबापुढे पुन्हा काचा नेऊ नको. साहेबानं सही केली आहे म्हणजे ते संपलं. उगाच कोणाची भाकर जाईन.

गोकुळा ठीक आहे. तुले आशीर्वाद सांगते.

मनसाराम


चांदा
१७ मे १९५७

ती. भाऊजी यांस नमस्कार.

पेटी आली. तीस काचा.

तुम्ही लिहिलेत की ती बरोबर येईल. या तिसांवरही एकाच माणसाचे रक्त आहे, पण वेगळ्या माणसाचे. पाचशे पांढऱ्या पेशी मोजल्या, टिपरीसारखा गोंडा एकीलाही नाही. हा पुरुष आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे. त्याच्याविषयी मला काही विचारायचे नाही.

ती बाई कुठे आहे?

मी आल्यापासून जंगलातली माणसे मला काचांवरच्या नावांनी माहीत आहेत. ही एकच अशी आहे की जिचे नाव मला माहीत नाही आणि जिला मी ओळखते. ती एकाएकी नाहीशी झाली. याची दोनच कारणे असू शकतात. एक, माझे पत्र पोचल्यावर कोणी घाबरून तिचे रक्त घेणे बंद केले. दुसरे मी लिहीत नाही. पहिली काच तिची नाही हे दिसताच मी उरलेल्या एकोणतीस एकामागून एक लावल्या, जेवायलाही उठले नाही. गुणवंतरावांनी विचारले, "का वो, ताप गिप आहे का?" मी हो म्हटले.

तुमच्या मागच्या पत्रात इस्तारीविषयी चार ओळी आहेत आणि त्या बाईविषयी दोन. तुम्ही असे लिहिणारे नव्हे. तुम्हाला कोणी धमकावले आहे का? तसे असेल तर तेवढेच कळवा, नाव कळवू नका.

बाईला वेगळे कार्ड टाकते आहे. तिने ख्यालीखुशाली स्वतः लिहावी, एवढेच मागितले आहे.

वच्छला


अहेरी
२५ मे १९५७

वच्छे,

तुह्यं कार्ड आलं. मास्तरानं वाचूनच आणून देल्लं, म्हणे साळीबाई तुमची खुशाली इचारून राह्यली. मी बरी आहो. चौथीपर्यंत शिकली ते सारं इसरली, हसू नको.

तुले सांगाचं नोहतं पण सांगतो. मले सातवा लागला. आधीचे दोन गेले म्हणून मीच त्याइले म्हटलं का सातवा लागेपर्यंत कोणाले लिहू नका, वच्छीले बी नाई. तुही नजर नाई लागत वो, पण पोस्टमास्तराची लागन. आता सांगाले हरकत नाई. सुईण ताराबाई म्हणते का चेहरा पांढरा पडला म्हणजे पोरगाच आहे.

खुशाली म्हणशीन तं धाप लागते. इहिरीवरून पाण्याचा एक गुंड आणतो तं वाटेत दोन डाव बसतो. पायाले सूज आहे, ते बाळंतपणात राह्यतेच. मातीशिवाय काई गोड लागत नाई.

त्याइचं काम लय वाढलं. गावातले लोक रक्त देत नाई. म्हणते, सरकार पुलाच्या पायासाठी रक्त नेऊन राह्यलं. जानेवारीत हे येरमगुड्याहून आले तं दोन दिवस जेवले नाई. मंग मीच म्हटलं, माह्यं घ्या. माह्यं रक्त का कोणाहून कमी आहे? तवापासून माह्यंच घेते. आधी चार बोटं, मंग दाही झाले. भांडे घासताना राख झोंबते, बाकी काई नाई. पण ह्या महिन्यात माह्यं घेणं बंद केलं, आपलंच टोचते. मी इचारलं काऊन, तं नुसते माह्याकडे पाह्यते आणि बाहेर जाते. तू त्याइले काई लिहिलं का? भांडले असान तं सोडून दे. माणूस वाईट नाई, भेकड आहे.

तुह्या दुर्बिणीतून एखादा नवरा दिसते का नाई? दिसला तं कळव.

तुही बाई
गोकुळा


चांदा
३१ मे १९५७

भाऊजी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. फवारणीचा ट्रक आज आलापल्लीकडे निघतो आहे, चालक लटारू तुमच्या हातात देईल. त्याला मी फक्त एवढे सांगितले आहे की माझ्या बहिणीला चांद्याला आणायचे आहे.

बाईचे पत्र आले. तिने काहीच लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे हे तिला माहीत नाही.

काय करायचे ते आधी लिहिते. ट्रक रिकामी पिंपे घेऊन आठ जूनला अहेरीहून परत निघेल. त्यात पुढच्या बाकावर बाईला बसवा. सोबत शेजारच्या रुखमाबाई येत असतील तर उत्तम. आष्टीला वैनगंगा नावेने ओलांडायची, पलीकडे लटारूने दुसऱ्या गाडीची सोय केली आहे. जूनच्या मध्यानंतर नाव कधी बंद होईल याचा भरवसा नाही आणि एकदा बंद झाली की बाईचे बाळंतपण अहेरीत होईल. तिथे ते झाले तर ती मरेल. मी डॉक्टर नाही हे तुम्ही लिहिलेत, ते बरोबर आहे. म्हणून मी काचा इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना नेऊन दाखवल्या. त्यांनी मला विचारले की ही रोगी अजून जिवंत आहे का.

घरात एक अक्षर बोलू नका की मी तिला का बोलावले. पहिले बाळंतपण माहेरच्या माणसाकडे असावे म्हणून, असे सांगा. ती भ्यायला नको.

आता दुसरे. टोचण्याने हे झालेले नाही. दोन थेंबांनी कोणी पांढरे पडत नाही, त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. तिच्या पोटात जंत आहेत, ती माती खाते, आणि तिच्यात वाढणारे मूल तिचे उरलेले रक्त घेते आहे. पण भाऊजी, जानेवारीपासून तुम्ही तिचे एकेक बोट हातात धरलेत. तुम्ही या खात्यात चार वर्षे आहात. बोट दाबल्यावर नख पांढरे राहते की लाल होते हे तुम्हाला शिकवलेले आहे. तुम्ही नखाकडे पाहिले नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, तेही सांगते. जानेवारीची तुमची पेटी आली तेव्हा मी तुम्हाला लिहिले की मी काचा पाहते. त्या चाळिसांतल्या मी चार पाहिल्या. त्याही वरवर, नुसता जाड ठिपका, मलेरियापुरता. उरलेल्या छत्तीस मी डब्यातून काढल्यासुद्धा नाहीत. काचा नीट लावलेल्या होत्या, माणूस घरचा होता, उन्हाळा जवळ आला होता. मी ओळीने निगेटिव्ह लिहिले. गुणवंतरावांची जी गोष्ट मी तुम्हाला हसण्यासाठी सांगितली ती माझीही होती. त्या काचा धुतल्या गेल्या. त्यांवर बाईचेच रक्त होते. तेव्हा पाहिले असते तर तिला तिसरा महिना होता आणि नदी मोकळी होती.

आठ तारखेला ट्रक निघेल. ती त्यात नसेल तर नऊ तारखेला मी बेचाळीस काचा साहेबांच्या टेबलावर ठेवीन, आणि त्यांनी ऐकले नाही तर त्यांच्या वरच्यांच्या. त्यातून ती वाचणार नाही हे मला माहीत आहे. मला दुसरे काही करता येत नाही म्हणून मी ते करीन.

वच्छला


अहेरी
७ जून १९५७

वच्छला,

उद्या सकाळी गोकुळा निघते. रुखमाबाई सोबत आहे. मी येत नाई. मी तिच्यासोबत ट्रकमंधी बसलो तं रस्त्यानं सारं बोलून टाकीन, आणि तू म्हणतेस तिले भेव घालाचं नाई. हे पत्र लटारूजवळ देतो.

तुह्यं पत्र वाचून मी गोकुळाजवळ गेलो. ती तांदूळ निवडून राह्यली होती. मी तिचं बोट धरलं आणि दाबलं. ती म्हणाली, आज काचा नाई तं काऊन टोचता? नख पांढरंच राह्यलं, वच्छला. मी मनात वीस मोजले.

येरमगुड्याचं तुले सांगतो, कोणालेच सांगितलं नाई. जानेवारीत मी गेलो तं गावातले लोक एका मोहाच्या झाडाखाली बसले होते. मले बी बसवलं. कोणी हात नाई लावला. झिंगू म्हणून एक म्हातारा आहे, तो म्हणाला, "तीन साल झाले, तू रक्त नेते. माह्या पोराचं नेलं, तो मेला. का निघालं त्याच्या रक्तात, ते तू सांगतलं काऊन नाई?" मले बी कोणी सांगत नाई. मंग एक जण म्हणाला, नदीवर पूल बांधाचा आहे, त्याले रक्त लागते, म्हणून सांगत नाई. दिवस कलेपर्यंत मी तिथंच बसून होतो आणि ते माह्याकडे पाहत होते. मंग म्हाताऱ्यानं सुयाचा डबा घेतला आणि म्हणाला, जा. मी जंगलातून घरी कसा आलो ते मले आठवत नाई. तवापासून रस्ता येरमगुड्याकडे वळला का माह्ये पाय चालत नाई.

इस्तारीचा ह्यात काईच दोष नाई. तो आपल्या गावाहून खऱ्या काचा आणत होता, त्या बी मी पेटीत घातल्या नाई, कमी होत्या म्हणून; बाकीच्याइचं काऊन नाई असं साहेबानं इचारलं असतं.

साहेबाले सांगशीन तं माह्यं नाव सांगू नको असं म्हणाचं होतं. लिहिलं आणि खोडलं, तुले दिसत असन. तुले जे कराचं ते कर. फक्त गोकुळा ठीक असन तं दोन अक्षरं पाठव, आणि नसन तरी पाठव. मी रोज पोस्टात जाऊन बसीन. मास्तर इचारन, काऊन गा, कोणाची वाट पाह्यतं? इचारू दे.

मनसाराम


चांदा
२९ जून १९५७

भाऊजी,

बाई जिवंत आहे.

वैनगंगेवरची नाव बंद झाल्याचे कळले. हे पत्र कोणत्या वाटेने आणि कधी पोचेल ते मला माहीत नाही, म्हणून ते पहिल्याच ओळीत लिहिले.

नऊ तारखेला दुपारी ती आली. गाडीतून उतरून दवाखान्याच्या चार पायऱ्या तिला चढता आल्या नाहीत. रुखमाबाई आणि मी तिला उचलून नेले. निरोग्या बाईच्या रक्ताचा जो आकडा बारा असतो, तो तिचा साडेतीन निघाला. डॉक्टरबाईंनी यंत्र बिघडले असेल म्हणून दुसऱ्यांदा पाहायला लावले. रक्त द्यायला माणसे मिळेनात, दवाखान्यात तुमच्या येरमगुड्याइतकीच भीती आहे. माझा गट जुळला. दुसरी बाटली लटारूने दिली. तो देऊन झाल्यावर चक्कर येऊन पडला आणि उठल्यावर म्हणाला, "गाडीचं इंजिन असं खोलत असते का बाप्पा."

मूल चोवीस तारखेला, दोन महिने आधी झाले. मुलगी आहे. ताराबाईंना तसे सांगा. वजन साडेतीन पौंड. पहिले तीन दिवस डॉक्टरबाई मला काहीच सांगत नव्हत्या आणि मी विचारत नव्हते. काल त्या म्हणाल्या, दोघीही बहुधा राहतील. बहुधा हा शब्द त्यांचा आहे.

बाईला मी परवा सगळे सांगितले. आधी माझ्या छत्तीस काचा, मग तुमचे. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग म्हणाली, "तू बी?" त्या दिवशी पाणीही तिने रुखमाबाईंकडूनच मागून घेतले.

बाई आली तरी, झिंगूच्या प्रश्नासाठी, बेचाळीस काचा मी साहेबांकडे नेल्या होत्या. त्यांनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावले. जिल्ह्याचा आकडा वर गेला आहे, म्हणाले, आता तो खाली येत नाही. आणि अविवाहित मुलीने नोकरीत सांभाळून राहावे, असेही म्हणाले. तेव्हा मी मुंबईच्या मोठ्या कचेरीसाठी अर्ज लिहिला. येरमगुडा आणि त्याभोवतीच्या गावांत यंदा मलेरिया आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, तिथून आलेले सर्व आकडे खोटे आहेत, असे त्यात लिहिले आहे. ते कोणी खोटे केले तेही. माझे नाव पहिले लिहिले. तुमचे त्याखाली. तुमच्यासाठी एवढे केले की झिंगूने विचारलेला प्रश्न त्याच्या शब्दांत घातला, म्हणजे तुम्हाला भ्यायला कारण होते हे वाचणाऱ्याला कळावे.

काल अर्ज बाईला वाचून दाखवला. तुमच्या नावाशी ती मला थांबवेल असे वाटले होते. तिने कागद मागितला, ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचला. मग म्हणाली, "माह्यं नाव कुठी आहे?"

मी म्हटले, तुझा यात काय संबंध?

"बोट कोणी पुढं केलं होतं? त्याइनं मागितलं नोहतं. मी देल्लं." आणि माझा पेन घेऊन तिने खाली सही केली. अक्षर फार वाकडे आहे. दाही बोटांच्या टोकांवर अजून काळे ठिपके आहेत, पेन धरताना ती दुखतात.

चौकशीला माणूस येईल. नदी उतरल्यावर येईल, कदाचित त्याआधीही. तुमची नोकरी जाईल, माझीही जाईल असे मला वाटते. ते वाचून तुम्ही कुठे निघून जाऊ नका. तुम्हाला मुलगी आहे आणि ती अजून तुम्ही पाहिलेली नाही. मला काय वाटते ते विचारत असाल तर मी फार भ्याले आहे.

अर्ज आज सकाळी मी स्वतः टपालपेटीत टाकला. माघारी येऊन हे तुमचे लिहायला बसले.

वच्छला